पिवळा स्टिकर काढू नका

ताई,

आठ महिन्यांपूर्वी जपानहून आलेली मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन सिक्स घेतली. १९९९ची, जीएसआर मॉडेल, ओडोमीटरवर ९१ हजार किलोमीटर. शाळेत वहीच्या मागच्या पानावर हीच गाडी काढायचो. रोजच्या वापराला घरात दुसरी गाडी आहे, त्यामुळे हिला जिवापाड जपतो. दर रविवारी दहा मिनिटांची एक फेरी, की लगेच कव्हर. एरवी दोन दिवसांआड जागेवरच दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतो. तरी गेल्या दोन महिन्यांत दुखणी सुरू झाली. सकाळी चालू केली की इंजिनातून टकटक येते. ऑइलच्या टोपणाच्या आत पांढरट साय धरते. एकदाच धीर करून फुल्ल दाबली, तर साडेचार हजार आरपीएमच्या पुढे झटके मारायला लागली. मेकॅनिक म्हणतो हेड गॅस्केट गेलं, इंजिन खोलावं लागेल. मेहुणा म्हणतो, खोलणारच आहेस तर मोठा टर्बो बसव, २८० घोड्यांचे ४०० कर. बायको म्हणते, ही गाडी आहे की आजारी माणूस? मला आता बोनेट उघडायचीही भीती वाटते. विकून टाकू का? सोबत ऑक्शन शीट (जपानी लिलावातला गाडीच्या तपासणीचा कागद) आणि इंजिनाचे फोटो जोडले आहेत. बोनेटखाली जपानी अक्षरांचा एक पिवळा स्टिकर आहे, फार कळकट दिसतो. काढला तर चालेल ना? आणि रेडिओ नुसता खरखरतो.

— कव्हरखालचा

प्रिय कव्हरखालचे,

पत्र दोनदा वाचलं, फोटो मात्र चार-पाच वेळा पाहिले. आधी स्टिकरचं सांगते : काढू नका. पुसूही नका. आणि हे पत्र वाचून होईपर्यंत गाडी चालू करू नका. का, ते ओघात येईलच.

आता सायीपासून सुरुवात करू, कारण तुमच्या मेकॅनिकने सगळा निकाल त्या सायीवर दिलेला दिसतो. टोपणाखाली पांढरट-पिवळट साय म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळलंय, इथपर्यंत त्याचं बरोबर आहे. पण पाणी आलं कुठून, हा प्रश्न त्याने विचारलेला दिसत नाही. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधला सील, गेल्यावर कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) ऑइलमध्ये उतरतं आणि साय धरते, हे खरं. पण पाण्याला इंजिनात शिरायला आणखी एक वाट असते आणि ती प्रत्येक इंजिनात असते. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. वाफेच्या रूपात ते सायलेन्सरमधून निघून जातं, म्हणून आपल्या लक्षात येत नाही. त्यातली थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांवरून निसटून खाली ऑइलच्या भागात जाते. इंजिन नीट तापलेलं असलं तर ती तिथूनही बाहेर ओढली जाते. तापलेलं नसलं तर थंड पत्र्यावर जमते, ऑइलमध्ये घुसळली जाते आणि वर, सगळ्यात गार जागी, टोपणाच्या आत साय होऊन बसते.

तुमची रविवारची फेरी दहा मिनिटांची. दहा मिनिटांत काट्यावर पाणी तापलेलं दिसतं आणि आपल्याला वाटतं की इंजिन तयार आहे. ऑइल त्याच्या बरंच मागे असतं. पाण्याचा काटा मध्यावर येऊन थांबल्यावरही ऑइलला ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत जायला तेवढाच वेळ आणखी लागतो, हवा गार असेल तर जास्तच. म्हणजे तुमचं इंजिन जेमतेम ओलं होतं आणि वाळायच्या आधी कव्हरखाली जातं. जागेवर चालू ठेवणं तर याहून वाईट. बिनओझ्याचं इंजिन तापायला फार वेळ घेतं, आणि थंड इंजिनाला त्याचा संगणक, म्हणजे ईसीयू, जादा पेट्रोल पाजतो, त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. आठ महिने, आठवड्यातून तीनेक वेळा. ऑइलमध्ये पाणीही गेलं आणि पेट्रोलही. (हे जागेवर चालवणं बंद गॅरेजात होत असेल, तर गाडीचं राहू द्या, आधी तुमच्या जिवाचा विचार करा. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.)

हेड गॅस्केट गेलेलं नाहीच, असं मी इथे बसून छातीठोकपणे सांगणार नाही. पण इंजिन खोलण्याआधी ते तपासायच्या साध्या वाटा आहेत, आणि त्या न चोखाळता इंजिन खोलायला निघालेल्या माणसाच्या हाती मी माझी गाडी देणार नाही. कूलंटची पातळी इंजिन गार असताना बघा आणि खूण करून ठेवा. ती उतरते का? तुमच्या पत्रात कूलंट कमी झाल्याचा शब्दही नाही, गाडी गरम झाल्याचाही नाही. मग कूलंटमध्ये जळका वायू येतोय का, ते बघतात. एक निळं रसायन असतं, रेडिएटरच्या तोंडावर नळी धरून त्यातून तिथली हवा ओढायची, वायू असेल तर ते पिवळं पडतं. आणि शेवटी कॉम्प्रेशन टेस्ट : इंजिन गरम, एक्सलरेटर पूर्ण दाबलेला, चारही सिलिंडरांचे आकडे लिहून घ्यायचे. आकडा किती आला यापेक्षा चौघांत फरक किती, हे बघायचं. चौघे सारखे आले, कूलंट जागच्या जागी आहे आणि रसायन निळंच राहिलं, तर तुमचं गॅस्केट ठणठणीत आहे आणि साय तुमच्या जपण्याची आहे.

टकटकीचंही जवळपास तेच. या गाडीत ४जी६३ इंजिन आहे. त्याचे व्हॉल्व्ह हायड्रॉलिक लॅश अ‍ॅडजस्टरवर चालतात, म्हणजे मधली फट ऑइलच्या दाबाने आपोआप भरली जाते. गाडी दिवसच्या दिवस उभी राहिली की त्यातलं ऑइल निथळतं, ते परत भरेपर्यंत वरून शिवणयंत्रासारखा आवाज येतो. ऑइल जुनं असेल, पातळ झालं असेल, तर जास्त वेळ येतो. या इंजिनाची ही जुनी खोड आहे आणि बहुतेक वेळा तिने काही बिघडत नाही. भ्यायचं ते दुसऱ्या आवाजाला. तो खालून येतो, जड असतो, दारावर बोटाच्या पेराने ठोकल्यासारखा, आणि दोन-तीन हजारांवर रेस धरून सोडली की ठळक होतो. ते कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. तुमच्या आवाजाचं वर्णन पहिल्या जातीचं आहे, पण कानावर विसंबू नका. ऑइल बदलाल तेव्हा जुना फिल्टर फेकून देऊ नका, कापून उघडा. आतला कागद पसरून उन्हात धरा. चंदेरी किंवा तांबूस चमक नसेल तर शांत झोपा.

बघा, दोन्ही लक्षणं तुम्हाला भिववत होती, म्हणून तुम्ही गाडी आणखी कमी चालवत होतात, आणि कमी चालवल्याने लक्षणं वाढत होती. बायकोने आजारी माणूस म्हटलं ते बरोबरच आहे, फक्त हे आजारपण अंथरुणाला खिळवून ठेवल्याचं आहे.

मग उद्याच लांब घेऊन जाऊ का, असं मनात आलं असेल. नाही. इथे तो पिवळा स्टिकर येतो.

तुमच्या फोटोत वरच्या ओळीतली अक्षरं कताकाना लिपीतली आहेत. वाचली तर कळेल की शब्द परका नाही : ‘ताइमिंगु बेरुतो’. टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या तालावर ठेवणारा रबरी पट्टा. पुढची दोन चित्राक्षरं म्हणजे ‘कोकान’, बदलला. खाली हाताने लिहिलंय : २१, ६, १२ आणि ७८,४०० किलोमीटर. हे २१ म्हणजे हेइसेइ या कालखंडाचं २१वं वर्ष. जपानी कागदांवर सम्राटाच्या कारकिर्दीची वर्षं लिहितात. हेइसेइ १९८९मध्ये सुरू झाला, म्हणून त्या आकड्यात १९८८ मिळवले की आपलं साल मिळतं. तुमच्या ऑक्शन शीटवर वरच्या कोपऱ्यात ११ आहे, ते १९९९. आणि स्टिकरवरचं २१ म्हणजे २००९.

जून २००९ला जपानमधल्या कुणीतरी, लाख किलोमीटरची नेहमीची मुदत गाठायची वाट न पाहता, अठ्ठ्याहत्तर हजारांवर बेल्ट बदलून घेतला आणि तशी नोंद चिकटवली. तो मालक काळजीवाहू होता, ही चांगली बातमी. वाईट बातमी अशी, की तोच बेल्ट आज तुमच्या इंजिनावर आहे. ‘पण तेव्हापासून गाडी बारा-तेरा हजारच चालली आहे’ असं तुम्ही म्हणाल. रबर मात्र उभ्या गाडीतही वाळतं, तडकतं. पंधरा वर्षांहून जुना बेल्ट घेऊन साडेचार हजार आरपीएमला फुल्ल दाबलीत आणि इंजिन शाबूत राहिलं, यात नशिबाचा वाटा मोठा आहे. या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. मग मेकॅनिकचं भाकीत खरं ठरतं आणि इंजिन खरोखरच खोलावं लागतं.

त्या दोन आकड्यांतून आणखी एक गोष्ट कळते. इतक्या वर्षांत फक्त साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे ही गाडी तुमच्याआधीही झाकलेलीच होती. कमी किलोमीटर बघून आपण हुरळतो. मीही हुरळायचे. खूप चाललेली, वेळच्या वेळी ऑइल मिळालेली टर्बो गाडी अनेकदा कमी चाललेलीपेक्षा बरी निघते, हे पटायला मला एक गाडी घालवावी लागली. ओडोमीटर मात्र खरं बोलतंय असं वाटतं. मीटरवर अजून १८० पर्यंतचीच मूळ तबकडी आहे. जपानी बाजारातल्या या गाड्या कारखान्यातूनच १८०ला रोखलेल्या असत. ज्यांच्यात २६०-३०० लिहिलेली तबकडी दिसते, त्यांच्यात आतला आकडाही बदलला असेल का, हा प्रश्न विचारावा लागतो. तुमच्यात स्टिकर, शीट आणि मीटर तिघंही एकमेकांशी जुळतात.

तर बेल्ट बदला, आणि ‘बेल्ट’ म्हणताना दोन म्हणा. ४जी६३मध्ये मोठ्या टायमिंग बेल्टच्या मागे एक छोटा बेल्ट लपलेला असतो. तो बॅलन्स शाफ्ट फिरवतो. चार सिलिंडरांच्या इंजिनाची थरथर मारणारे हे दोन शाफ्ट मित्सुबिशीने १९७०च्या दशकात इतके जमवून आणले, की पुढे पोर्शेनेही परवाना घेऊन ते आपल्या ९४४मध्ये वापरले. कल्पना सुरेख आहे, पण छोटा बेल्ट तुटला तर तो मोठ्या बेल्टमध्ये ओढला जातो, मोठा दात सोडतो, आणि पुढचं वर लिहिलंच आहे. मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. माझ्या जुन्या टर्बो गाडीत याच घराण्याचं इंजिन होतं. एका गॅरेजने बेल्ट बदलल्याची पावती दिली. मोठा बदलला होता, छोट्याला हातही लावला नव्हता, कारण त्याच्यापर्यंत पोचायला आणखी दोन पुल्या काढाव्या लागतात. पाच महिन्यांनी छोटा तुटला. आठ व्हॉल्व्ह वाकले. पावतीवर ‘टायमिंग बेल्ट’ एकवचनात लिहिलेलं मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं. तुम्ही दोन्ही बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि सील यांची नावं आधी कागदावर लिहून द्या, आणि काढलेले जुने भाग पिशवीत घालून परत मागा. पाण्याचा पंप त्याच कव्हरमागे आहे, तोही आताच बदला.

सुटे भाग मागवताना एक अडचण येईल. जपानी बाजारातल्या गाडीला सतरा आकडी-अक्षरी नंबर नसतो. तुमचा चेसिस नंबर ‘सीपी९ए’ने सुरू होतो, पुढे डॅश आणि थोडे आकडे. सतरा खणांचा संगणक तो घेत नाही, आणि काउंटरवरचा माणूस मग साध्या लान्सरचे भाग पुढे करतो. चेसिस नंबर आणि बोनेटखालच्या पट्टीवरचा पूर्ण मॉडेल कोड, दोन्हीचा फोटो फोनमध्ये ठेवा. जो मेकॅनिक कामाला हात घालण्याआधी तो नंबर स्वतःहून विचारतो, त्याच्याकडे जा.

आता झटके. हे मला सगळ्यात कमी काळजीचं वाटतं. फक्त नीट आठवा, झटके कसे होते? भिंतीवर आपटल्यासारखी गाडी एकदम मेली आणि परत आली, की मिस मारत, अडखळत ओढत राहिली? पहिला प्रकार बहुधा ईसीयूचा असतो. बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, मर्यादेबाहेर गेला की तो इंजिन वाचवायला पेट्रोल तोडतो. तसं असेल तर आधीच्या मालकाने बूस्टशी काही खेळ केलाय का, ते शोधायला हवं. दुसरा प्रकार असेल तर प्लगपासून सुरुवात करा. टर्बो जितकी हवा कोंबतो, तितकी ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. झिजलेल्या प्लगची फट वाढलेली असते आणि दाबाखाली ठिणगी विझते. हळू चालवताना काही जाणवत नाही, फुल्ल दाबली की जाणवतं. नवे प्लग, मॅन्युअलमधली फट मोजून. मग हवेची गळती. टर्बोपासून इंटरकूलर (ही हवा गार करणारी जाळी) आणि इंटरकूलरपासून इंजिन, या वाटेवर रबरी होज आणि क्लॅम्प आहेत, सगळे म्हातारे. इंजिन बंद ठेवून टर्बोच्या तोंडातून कंप्रेसरची हवा बेताने भरायची आणि जोडांवर साबणाचं पाणी फिरवायचं. जिथे बुडबुडे, तिथे चोर.

फोटोत मला एक गोष्ट दिसली, जी तुम्ही लिहिली नाही. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (पाय काढल्यावर टर्बोचा जादा दाब सोडणारी झडप) मूळचा नाही, हवा बाहेर सोडणारा आहे. गिअर बदलताना ‘फुस्स’ होतं ना? ते तुम्हाला आवडत असणार, मलाही आवडायचं. पण या गाडीत हवा मोजणारा सेन्सर एअर फिल्टरपाशी, टर्बोच्या आधी बसतो. त्याने मोजली तितक्या हवेचं पेट्रोल ईसीयूने ठरवलं, आणि तुम्ही ती हवा बाहेर सोडून दिली. पेट्रोल मात्र इंजिनातच आलं. प्रत्येक ‘फुस्स’ला मिश्रण क्षणभर गच्च होतं, प्लग काळे पडतात. मूळचा व्हॉल्व्ह मोजलेली हवा परत टर्बोच्या तोंडाशी आणून सोडतो. तो मिळवून लावा. घर थोडं शांत होईल.

मेहुण्यांचं म्हणणं. त्यांचा ४००चा आकडा हवेतला नाही, या लोखंडी ब्लॉकच्या इंजिनाने याहून मोठे आकडे पेललेले आहेत. पण २८० या आकड्याची गोष्ट त्यांना सांगा. १९८९च्या सुमारास जपानी कंपन्यांनी आपसांत ठरवलं, की रस्त्यावरच्या गाडीची ताकद २८० पीएसच्या वर जाहीर करायची नाही. २००४मध्ये होंडाने ३०० पीएसची लेजंड आणली, तोवर हा समझोता टिकला. त्यामुळे त्या काळातली प्रत्येक मोठी गाडी कागदावर २८०चीच आहे, आणि ‘आत बरंच दडलंय’ ही समजूत तिथून आली. दडलेलं होतंही. पण ते १९९९च्या नव्या इंजिनात, नव्या होजमध्ये आणि जपानी पेट्रोलवर. तिथल्या पंपांवर ‘हायओकु’ म्हणून जे महाग पेट्रोल मिळतं, ते साधारण १०० ऑक्टेनचं असतं. तुमच्या ईसीयूत त्याचाच हिशेब भरलेला आहे. ९५ ऑक्टेनचं घालून बूस्ट वाढवला, तर ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण स्फोटासारखं पेटतं, ईसीयू ठिणगी मागे ओढत राहतो, आणि तो थकला की पिस्टन तडकतो. तुमच्या पंपावर सगळ्यात वरचं जे पेट्रोल मिळतं तेच घाला, त्याहून खालचं कधीच नाही. पंपावरचा आकडा कोणत्या पद्धतीचा आहे तेही बघा, काही देशांत ९१ लिहिलेलं असतं ते दुसऱ्या मोजणीचं, जपानी पद्धतीने ते ९५-९६च्या आसपास जातं. १००च्या जवळचं मिळतच नसेल, तर जाणकाराकडून त्या पेट्रोलसाठी ईसीयूची मांडणी बदलून घ्या, चार घोडे कमी झाले तरी चालतील. बाटलीतल्या औषधांवर भरवसा ठेवू नका. मोठ्या टर्बोचा विषय एक वर्षाने काढा. मेहुणे थांबतील.

बाकीचं भराभर सांगते. ट्रान्सफर केस, गिअरबॉक्स, मागचं डिफरन्शियल, ब्रेक, क्लच, सगळ्यांचं तेल आताच बदला. आधी कधी बदललं हे माहीत नसताना ‘रंग बरा दिसतो’ म्हणून सोडू नका. जीएसआर असल्याने मागे एवायसी आहे, डाव्या-उजव्या चाकात ताकद वाटणारी. तिचा हायड्रॉलिक पंप बिघडतो, हे या गाडीचं ठाऊक असलेलं दुखणं. तिचं तेल वेगळं असतं, आणि तिचा दिवा लागला तर दुर्लक्ष नको. चारही टायर एकाच मापाचे, एकाच मेकचे, सारखेच झिजलेले हवेत, नाहीतर डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही एकमेकांशी भांडत बसतात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१४’ असं काही दिसलं तर नक्षी कितीही खोल असो, बदला. झाकून ठेवलेल्या गाडीचे टायर नेहमी नवे दिसतात.

ऑक्शन शीटवर ग्रेड ४ आहे. चांगला आहे. सांगाड्याला मार बसून दुरुस्ती झाली असती तर तिथे ‘आर’ असता. पण चित्रात मागच्या डाव्या बाजूवर ‘डब्ल्यू’ आहे, म्हणजे तिथे पत्र्याचं काम करून रंग मारलाय. या गाड्या मागच्या चाकाच्या कमानीपाशीच गंजतात. जपानच्या उत्तरेला आणि पश्चिम किनाऱ्याला हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. गाडी लिफ्टवर असेल तेव्हा ती कमान आतून बोटाने दाबून बघा, पुढच्या ऑइल कूलरच्या नळ्याही बघा. आणि खालच्या रकान्यात हाताने लिहिलेल्या तीन ओळी जपानी जाणणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या. फोटोत त्या मला नीट लागल्या नाहीत, आणि तपासणाऱ्याने खरं काय ते बहुतेक तिथेच लिहिलेलं असतं.

टर्बो टायमरबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण डॅशबोर्डवर तो दिसतोय. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. एका अंगाला आठ-नऊशे अंशांचा वायू. तसाच तापलेला बंद केला तर अडकलेलं ऑइल करपून कोळसा होतं, म्हणून हा टायमर चावी काढल्यावरही इंजिन चालू ठेवतो. तुमच्या टर्बोभोवती पाणीही फिरतं, इंजिन बंद झाल्यावर ते उष्णता थोडा वेळ ओढत राहतं. शेवटचे दोन-तीन किलोमीटर बूस्टमध्ये न जाता हलक्या पायाने आणलीत, तर टायमरची गरज उरत नाही. मी माझा काढून टाकला होता. मालक नसताना स्वतःशीच गुरगुरणारी गाडी बघून शेजारी घाबरायचे.

विकायचं की नाही, हे आज ठरवू नका. बेल्टचं काम होऊ द्या, कॉम्प्रेशनचे आकडे येऊ द्या, पूर्ण सिंथेटिक ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचं भरा. आताचं ऑइल चारशेच किलोमीटर चाललं असेल तरी ते ओतून टाका. मग कव्हर घडी करून ठेवा आणि आठवड्यातून एकदा चाळीस-पन्नास मिनिटं चालवा. पहिली पंधरा-वीस मिनिटं बूस्टला हात लावायचा नाही. ऑइल तापलं की मात्र लाजू नका, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला मोकळी जागा बघून पूर्ण ओढू द्या. ही रॅलीच्या नियमापोटी जन्मलेली जात आहे, रॅलीचालक टॉमी मॅकिनेन हिच्याच भावंडांवर १९९६ ते १९९९ सलग चार वेळा जगज्जेता झाला. दर वेळी पेट्रोल भरताना डिपस्टिक बघा. पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी येईल तेव्हा ऑइल. एक वही करा, त्यात सगळं लिहा.

तीन हजार किलोमीटरनंतर टोपण उघडा. कोरडं असेल, टकटक काही सेकंदांत विरत असेल आणि तुम्हाला अजूनही बोनेटची भीती वाटत असेल, तर गाडी बरी आहे आणि ती तुमच्यासाठी नाही. अशी गाडी वहीसकट विका, घेणारा दुवा देईल. भीती गेलेली असेल तर मला उत्तर लिहायचीही गरज नाही.

नवे बेल्ट बसले की जुन्या पिवळ्या स्टिकरच्या शेजारी तुमचा एक लावा. तारीख, किलोमीटर, आणि ‘दोन्ही बेल्ट’.

ता. क. रेडिओ बिघडलेला नाही. त्या काळच्या जपानी रेडिओचा एफएम पट्टा ७६ पासून ९० मेगाहर्ट्झपर्यंत असे, इतर बहुतेक ठिकाणी तो ८७.५ ते १०८ असतो. मधल्या त्या अडीच मेगाहर्ट्झमध्ये तुमच्याकडे कुणी गात असेल, तर सापडेल.